बाळंतविड्यात काय असावं?

भाचीला दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी बिल आणि लसीकरणाचं कार्ड यांच्याबरोबर नर्सने तिच्या मांडीवर एक गुलाबी पिशवी ठेवली. पिशवीत पावडरचा डबा, लोशनची बाटली, साबणाची वडी, वाइप्सचं पाकीट आणि पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन. बाळ तीन दिवसांचं होतं. भाचीला अजून धड उठून बसताही येत नव्हतं. गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "मावशी, हे सगळं लावायचं असतं का गं? दवाखान्यातूनच दिलंय म्हणजे लागतच असेल ना?"

तिचं ते शेवटचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. कारण तिची काहीच चूक नव्हती. ज्यांनी तिला आणि बाळाला सुखरूप सोडवलं, त्यांच्याच हातून ती पिशवी आली होती. मग तिने शंका कशी घ्यावी?

घरी आल्यावर मी लोशनची बाटली घेऊन खिडकीपाशी बसले. अक्षरं इतकी बारीक की चष्म्यानेही भागेना; शेवटी मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचला. तेवीस घटक मोजले. सगळी नावं इंग्रजीत, रसायनशास्त्राच्या पुस्तकातली. त्यांत एक शब्द होता 'परफ्यूम'. या एका शब्दाखाली प्रत्यक्षात किती द्रव्यं मिसळली आहेत ते बाहेरच्या माणसाला कळायला मार्ग नाही. त्वचेच्या ॲलर्जीची जी नेहमीची कारणं डॉक्टर सांगतात, त्यांत सुगंधी द्रव्यं अगदी वरच्या जागी असतात. बाटलीच्या पुढच्या बाजूला मात्र ठसठशीत अक्षरांत 'नैसर्गिक', 'सौम्य', 'पहिल्या दिवसापासून'.

आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला भेटायला जाताना बाळंतविडा न्यायची रीत आहे. आईला साडी, खारीक-खोबरं, अळीव, डिंक. बाळाला झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट. माझ्या आजीच्या वेळी विडा घेऊन येणारी बाई चार बाळंतपणं पाहिलेली असे, आणि तिला त्यातून काही विकायचं नसे. आता बाळंतविडा तीन ठिकाणांहून येतो. घरातून येतो, सरकारकडून येतो आणि बाजाराकडून येतो. यातला प्रत्येक विडा उघडून बघायला हवा. माझं म्हणणं एवढंच आहे की महिन्याभराच्या बाळासाठी सुरक्षित काय, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'आणखी कमी' असं असतं. आणि ते शोधून काढायचं ओझं दुकानातल्या फळीसमोर उभ्या असलेल्या एकट्या आईवर टाकणं अन्यायाचं आहे.

आधी बाळाच्या कातडीचं बोलू. नऊ महिने पाण्यात राहिलेलं ते शरीर पहिल्यांदाच हवेत आलेलं असतं. कातडीचा वरचा थर पातळ असतो, त्याची राखण करणारी आम्लता पहिल्या काही आठवड्यांत हळूहळू तयार होते आणि अल्कधर्मी साबण नेमकी तीच बिघडवतो. शिवाय साधं गणित बघा. तीन किलोच्या बाळाची कातडी साधारण पाव चौरस मीटरला थोडी कमी भरते. साठ किलोच्या बाईची दीड-पावणेदोन चौरस मीटर. म्हणजे वजनाच्या मानाने बाळाची कातडी आपल्या दुपटीहून जास्त. आपण हातभर लावलेली गोष्ट आणि बाळाच्या अंगभर लावलेली गोष्ट यांचा हिशेब एक नाही. जन्मतः बाळाच्या अंगावर जो पांढरट, लोण्यासारखा थर असतो, तो आपण वर्षानुवर्षं 'घाण' म्हणून खसाखसा पुसत आलो. तोच त्याचा पहिला लेप असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिली आंघोळ निदान चोवीस तास थांबवा. म्हणजे पहिल्या दिवशी बाळाला साबणही नको आणि शाम्पूही नको. आईच्या अंगाची ऊब पुरे.

कमी का, याची एक जुनी गोष्ट मला नेहमी आठवते. 1972 साली फ्रान्समध्ये 'मोराँज' नावाची बेबी पावडर विकली जात होती. कारखान्यातल्या चुकीने तिच्या काही डब्यांत हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक भरमसाट प्रमाणात मिसळलं गेलं. आया नेहमीप्रमाणे लंगोट बदलताना पावडर लावत राहिल्या. कातडीतून ते विष आत गेलं आणि 36 बाळं दगावली. लावणाऱ्या प्रत्येक आईने काळजीपोटीच लावलं होतं. अशी चूक रोज होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्या पावडरीची त्या बाळांना मुळात गरजच नव्हती, तिच्यापायी ती गेली, हे विसरता येत नाही.

आणि पावडरीची गरज आजही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना कित्येक वर्षं सांगते आहे की बाळाला पावडर लावू नका, तिचे बारीक कण श्वासातून फुप्फुसांत जातात. टाल्कम पावडरीवरून जॉन्सन अँड जॉन्सनवर अमेरिकेत हजारो खटले चालले. आपली पावडर सुरक्षित आहे, हे कंपनीचं म्हणणं शेवटपर्यंत कायम राहिलं, पण टाल्कची बेबी पावडर तिने 2020 मध्ये अमेरिका-कॅनडात आणि 2023 मध्ये जगभर बंद केली. आपल्याकडे मात्र आंघोळ झाली की बाळाच्या गळ्याखाली, काखेत पांढरे पट्टे दिसल्याशिवाय ते 'स्वच्छ' वाटत नाही.

आता घरातला विडा. जुनं ते सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही.

दुपट्याइतकी सुंदर गोष्ट मी पाहिलेली नाही. माझी आई जुन्या सुती नऊवारीचं करायची. पंधरा-वीस वर्षं धुऊन धुऊन लुगडं इतकं मऊ झालेलं असायचं की हातात घेतलं तर पाण्यासारखं घरंगळायचं. त्याचे चार पदर एकावर एक घालून ती कडेने धावदोरा घाली, आणि दोऱ्याची गाठ कधीही आतल्या बाजूला येऊ देत नसे. "बाळाला टोचलं तर ते सांगणार कसं?" असं म्हणे. त्या एका वाक्यात सगळं आलं. रंग निघून गेलेला, खळ उरलेली नाही, बटण नाही, चकाकता टिकल्यांचा काठ नाही. दुकानातून नवं झबलं आणलं तरी ते आधी दोनदा धुवावं आणि उन्हात कडक वाळवावं, एवढी अक्कल मला त्या दुपट्यावरून आली.

पण हीच दुपटी आणि हीच झबली पुढच्या बाळासाठी ट्रंकेत ठेवताना आपण त्यांत डांबराच्या गोळ्या टाकतो. इथे फार जपायला हवं. त्या गोळ्यांत नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तपेशींत जन्मतःच जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) कमी असतं. अशा बाळाच्या अंगाला नॅफ्थलीनचा वास असलेला कपडा लागला तर रक्तपेशी फुटू लागतात, कावीळ वाढते आणि ती थेट मेंदूपर्यंत जाऊ शकते. आपल्या बाळात ते विकर कमी आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं. तेव्हा ट्रंकेतून काढलेला कपडा नुसता झटकून बाळाला घालू नये. मुळात बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या ठेवूच नयेत.

गुटीचंही तेच. सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड यांचे वेढे मोजून उगाळणारी आजी किती प्रेमाने ते करते, हे मी जवळून पाहिलंय. माझ्या आईनेही केलं. तरीही पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नाही, पाणीसुद्धा नाही, या नियमात गुटीला जागा नाही. सहाण, पाणी, बोट, वर्षभर डब्यात राहिलेली मुळं, यांतून जंतू पोटात जातात. वेढा किती मोठा आणि त्यातून किती औषध गेलं हे कुणालाच मोजता येत नाही. जायफळाने बाळ शांत झोपतं म्हणतात, ती झोपच मला घाबरवते. मध चाटवणं तर वर्षाच्या आत पूर्ण बंद हवं. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंपासून बाळाला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारा आजार, होऊ शकतो. काजळात शिसं सापडलेलं आहे. डोकं गोल व्हावं म्हणून घालायची राईची उशी तान्ह्या बाळाला नको, कोणतीच उशी नको. पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवावं. बंद खोलीतली धुरी तर बाळाच्या छातीत जाते. नाळेला हळद-राख काही लावू नये, ती कोरडी ठेवली की आपसूक गळून पडते.

हे लिहिताना मला आजीवर्गाला दोष द्यायचा नाही. त्यांच्या काळी डॉक्टर वीस मैलांवर होता. मालिशवाल्या बाईच्या हातून तेल लावणं, उन्हात पाच मिनिटं पाय मोकळे करणं, अंगाई, मांडी, हे सगळं मला हवंच आहे. पण बाजाराच्या पिशवीला जो प्रश्न विचारायचा, तोच आजीच्या डब्यालाही विचारायला हवा: हे नसेल तर बाळाचं काही अडेल का?

मग न अडण्यासाठी खरोखर काय लागतं? याचं उत्तर महाराष्ट्रातच दिलं गेलंय, आणि ते जगाने उचललंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरी जाऊन बाळाचं वजन करत, ताप बघत, बाळाला ऊबदार कसं ठेवायचं ते दाखवत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करत. त्यांच्याजवळ तापमापक, तराजू, उबेची पिशवी, श्वास द्यायचं साधन आणि औषधं, एवढंच होतं. नवजात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून जास्त खाली आलं. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि 2011 पासून देशभरातल्या आशाताई याच धर्तीवर बाळाच्या घरी जातात. दवाखान्यात झालेल्या बाळाकडेही बेचाळीस दिवसांत सहा वेळा. मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. महानगरपालिकेच्या गर्दीच्या रुग्णालयात, कमी वजनाच्या बाळांसाठी, इतर आयांनी दिलेलं आईचंच दूध. दोन्हीकडे बाळं वाचली ती ऊब, दूध, धुतलेले हात आणि वेळेवर लक्ष यांच्या बळावर. त्यांत लोशन कुठेच नव्हतं.

तरीही सरकारी विड्याकडे बघा. महाराष्ट्राने सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या बाळांसाठी 2019 च्या सुमारास सुमारे दोन हजार रुपयांचं 'बेबी केअर किट' सुरू केलं. कल्पना मला मनापासून आवडली होती. कपडे, मच्छरदाणी, तापमापक, ब्लँकेट, हातमोजे-पायमोजे, हे सगळं योग्य. पण त्याच यादीत शाम्पू आणि बॉडी वॉशही होते. एखाद्या तांड्यावरच्या मुलीच्या हातात सरकार पहिल्यांदाच काही देतं, तेव्हा त्या पेटीतली प्रत्येक वस्तू 'ही बाळाला लागतेच' असं सांगत असते. पेटी संपल्यावर ती मुलगी पुढची बाटली स्वतःच्या मजुरीतून आणणार. फिनलंडमध्ये 1938 पासून बाळाची पेटी देतात. ती पेटीच बाळाचा पहिला बिछाना होते आणि आत मुख्यत्वे कपडे, पांघरुणं असतात. आपल्या किटमध्ये शाम्पूच्या जागी आणखी चार सुती लंगोट आणि मराठीत ठळक अक्षरांत छापलेला एक कागद असता, ज्यावर ताप, थंड पडलेले पाय, दूध ओढणं बंद होणं, छाती आत ओढली जाणं ही धोक्याची लक्षणं चित्रांसह असती, तर माझ्या मते पैसे जास्त सत्कारणी लागले असते.

आता बाजाराचा विडा, म्हणजे ती गुलाबी पिशवी. यात कायदा काय करू शकतो हे आपण एकदा करून दाखवलेलं आहे. 1992 च्या शिशुदुग्ध-पर्याय कायद्याने, आणि 2003 च्या दुरुस्तीने, दूध पावडरीची जाहिरात बंद केली, डब्यावरचं गुटगुटीत बाळ काढायला लावलं, आईचं दूधच उत्तम हे डब्यावर छापायला लावलं आणि दवाखान्यात फुकट नमुने वाटणं, डॉक्टर-नर्सना भेटी देणं यांवर बंदी आणली. पळवाटा अजून आहेत, पण बाळंतिणीच्या खाटेशी उघडपणे दूध पावडरीचा डबा ठेवायची सोय कंपन्यांना राहिली नाही. या कायद्यामागचा विचार साधा होता: बाळंतपणाच्या खोलीत आई सगळ्यात हळवी असते, तिथे जे हातात येईल त्यावर दवाखान्याचा शिक्का बसतो, म्हणून तिथे विक्री नको.

हाच विचार अंगाला लावायच्या वस्तूंना का लागू नये? कुणी म्हणेल, दूध पावडर आईच्या दुधाची जागा घेते, तिचं नुकसान मोठं. लोशनने असं काय होतं? बरोबर आहे. नुकसान सारखं नाही, म्हणून उपायही सारखा नको. लोशनच्या जाहिराती बंद करा असं मी म्हणत नाही, दुकानातून काढा असंही नाही. ज्याला घ्यायचं त्याने घ्यावं. फक्त प्रसूतिगृहातून त्याचं वाटप होऊ नये. एवढा नियम राज्याच्या आरोग्य खात्याला सरकारी दवाखान्यांत उद्या लागू करता येईल, आणि खासगी डॉक्टरांच्या संघटनांना आपल्या सभासदांसाठी परवा.

दुसरी मागणी तपासणीची. मुळात अन्न व औषध प्रशासनाचं काम आपल्यासारख्यांना दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडच्या कारखान्यातल्या बेबी पावडरीचे नमुने प्रशासनाने 2018 च्या अखेरीस पुणे आणि नाशिक इथून घेतले. आम्ल-अल्क प्रमाण ठरलेल्या मर्यादेबाहेर असल्याचा ठपका आला, आणि परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला सप्टेंबर 2022 मध्ये. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने नवे नमुने तपासायला लावले, ते मर्यादेत भरले आणि जानेवारी 2023 मध्ये आदेश रद्द झाले. त्याआधी 2013 मध्येही त्याच कारखान्यावर कारवाई झाली होती, ती 2007 साली बनलेल्या पावडरीवरून. यात कोणाची बाजू खरी हा माझा मुद्दा नाही, ते न्यायालयाने पाहिलं. माझा प्रश्न आईच्या बाजूचा आहे. पावडर सदोष असेल तर आईला ते चार वर्षांनी कळून काय उपयोग? ते बाळ तोवर बालवाडीत जाऊ लागलं. आणि पावडर निर्दोष असेल तर चार वर्षं संशय का टांगता ठेवायचा? लहान बाळांच्या वस्तूंच्या नमुन्यांचे निकाल दोन-तीन महिन्यांत लागावेत आणि ते प्रशासनाने मराठीत सगळ्यांना दिसतील असे लावावेत. खेळण्यांना 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. खुळखुळा घेताना आता निदान एक खूण शोधता येते. मग बाळाच्या अंगभर लागणाऱ्या लोशनसाठी आईने कोणती खूण शोधायची?

तिसरी गोष्ट भाषेची. पाकीटबंद वस्तूंवरची सक्तीची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत असली की नियमाचं समाधान होतं. मराठी आईला ते वाचता आलं नाही तरी चालतं. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या बाळाच्या वस्तूंवर 'यात सुगंध आहे', 'कितव्या महिन्यापासून', 'पुरळ आल्यास थांबवा' एवढ्या तीन ओळी मराठीत, वाचता येतील अशा टाइपात असायला कोणाची काय हरकत असावी?

डायपरबद्दल मला वेगळं वाटतं, ते सांगायला हवं. रात्री चार वेळा उठून लंगोट बदलणं, पावसाळ्यात दोन खोल्यांच्या घरात ते वाळवणं, वर नोकरी. हे जिने केलंय तिने डायपर वापरला तर तिला कुणी बोलू नये. वेळेवर बदलला, अंग कोरडं केलं, तर बाळाला त्याने त्रास होत नाही. माझी तक्रार आहे ती वापरलेला डायपर उघडाच कचऱ्यात टाकण्याबद्दल, कारण पुण्यात कचरावेचक बाया तो हाताने उचलतात. 2016 च्या घनकचरा नियमांनी तो गुंडाळायची पिशवी कंपन्यांनी द्यावी असं सांगितलंय. ती मिळाली नाही तर निदान कागदात गुंडाळून लाल ठिपका करावा, एवढं त्या बायांनी आपल्याकडे मागितलंय. साधेपणाच्या नावाखाली सगळं ओझं पुन्हा आईच्या आणि कामवाल्या बाईच्या मनगटावर टाकणं मला मान्य नाही.

आणि पैशाचं. माझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मुलीने तिच्या बाळासाठी बाटल्यांचा संच आणला, हप्त्यावर. "ताई, आपल्याकडे नाही म्हणून बाळाला कमी पडू नये," म्हणाली. तिला कमी काहीच पडत नव्हतं. बाळ अंगावर पीत होतं, वजन वाढत होतं, आशाताई येऊन गेली होती. तरी एखादी चांगली आई आपल्याला कमी समजेल, ही भीती तिच्या मनात कुणीतरी घालून ठेवली होती. त्या भीतीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

भाचीची ती पिशवी मी परत केली नाही. तसं करायला हवं होतं, पण त्या दिवशी धीर झाला नाही. लोशन आणि पावडर कपाटात वर ठेवली. साबणाची वडी आम्ही हात धुवायला वापरली, तो तिचा खरा उपयोग झाला. बाळाला रोज कोमट पाण्यात सुती फडकं बुडवून पुसलं. नाळ नवव्या दिवशी गळून पडली. ढुंगणाला थोडा लाल चट्टा उठला तेव्हा डॉक्टरांनी बिनवासाचं साधं मलम दिलं आणि दिवसातून थोडा वेळ लंगोटाशिवाय ठेवायला सांगितलं.

पुढच्या महिन्यात शेजारच्या मुलीच्या बहिणीला दिवस भरतायत. काय नेऊ म्हणून ती विचारायला आली होती. मी तिला आठ दुपटी सांगितली, जुन्या साडीची असतील तर उत्तम. सहा समोरून बांधायची झबली, दोन टोपडी, एक डिजिटल तापमापक, मच्छरदाणी. आईसाठी अळिवाचे लाडू. आणि पहिले दहा दिवस रात्री दोन वाजता बाळ घेऊन बसायला स्वतः जा, असं म्हटलं. ती म्हणाली, "ताई, एवढंच?" मी तिला आमच्या ट्रंकेतलं एक दुपटं काढून दिलं. आधी धुऊन उन्हात घाल, असं दोनदा बजावलं.